पगाराची बेगमी

कोकणच्या किनाऱ्यावर बेकारीची तारीख आधीच ठरलेली असते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. त्याच्या थोडे आधी, मे महिन्याच्या अखेरीस, मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी थांबते. स्कुबा आणि पॅरासेलिंगच्या बोटी वाळूवर ओढून ताडपत्रीखाली जातात. गोव्यातले शॅक परवान्यातल्या अटीप्रमाणे मोडावे लागतात. हापूसची शेवटची पेटी गेलेली असते, दशावताराच्या कंपन्यांचे पेटारे मिटलेले असतात. हॉटेले पूर्वीसारखी सरसकट बंद होत नाहीत, कारण देशी पर्यटक आता पावसातही गोव्यात येतो; पण कंत्राटावरच्या पोरांना ‘ब्रेक’ मिळतो, आणि कायम असलेल्यांची सर्व्हिस चार्जची आणि टिपांची कमाई आटते.

यातले काहीच अचानक घडत नाही. कारखान्याला टाळे लागले, कंपनी बुडाली, माणसे काढली, असा हा प्रकार नव्हे. पाऊस ठरल्या वेळी येतो आणि काम ठरल्या वेळी जाते. तरीही दर जुलैत सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग, पेडणे या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अशी ओढाताण सुरू होते, की जणू पाऊस यंदा पहिल्यांदाच पडतो आहे. या ओढाताणीत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू शिरली आहे. ती म्हणजे क्रेडिट कार्ड.

हंगामी बेकारी सरकारी आकड्यांत फारशी दिसत नाही, त्यालाही कारण आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात माणसाची ‘नेहमीची स्थिती’ ठरवताना मागचे ३६५ दिवस पाहतात आणि त्यातला जास्त काळ तो काय करत होता ते धरतात. आठ महिने काम केलेला वेटर या हिशेबात रोजगार असलेलाच. दुसरी मोजणी मागच्या सात दिवसांची आहे, पण तिच्यात आठवड्यात एखादा तास काम केलेले असले तरी माणूस कामावर धरला जातो. पावसात चार दिवस भाताच्या लावणीला गेलेला तोच वेटर तिथेही बेकार ठरत नाही. त्याच्या खिशात काय आहे हे या दोन्ही मोजण्या विचारत नाहीत. त्यांचे ते कामही नव्हे म्हणा.

खिशाचा हिशेब त्यानेच करायचा असतो, आणि चूक होते ती इथेच. समजा, गोव्यातल्या हॉटेलात काम करणाऱ्या एका स्टुअर्डला पगार, सर्व्हिस चार्ज आणि टिपा मिळून हंगामात महिन्याला २४,००० रुपये हातात येतात. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने. त्याला कमाई विचारली तर तो ‘चोवीस हजार’ सांगणार, आणि घरचेही लग्नाच्या बोलणीत तोच आकडा सांगणार. पण वर्षाची मिळकत १,९२,००० आहे. बाराने भागले की महिन्याला १६,००० उरतात. त्याचा खरा पगार तोच. जानेवारीत खिशात खुळखुळणारे वरचे ८,००० हे जून ते सप्टेंबरचे आगाऊ आलेले पैसे असतात. आठ महिने ते बाजूला राहिले तर ६४,००० होतात, आणि चारने भागले तर पुन्हा महिन्याला १६,०००. हिशेब इतका सरळ आहे. अवघड आहे ते जानेवारीत त्याप्रमाणे वागणे, कारण जानेवारीत मित्राने नवी बाइक घेतलेली असते, आणि चोवीस हजारवाल्याने सोळा हजारवाल्यासारखे राहिले की लोक त्याला चिकट म्हणतात.

कोकणातल्या घरांना हे शहाणपण नवे नाही. मे महिन्यात आगोटीची तयारी करताना सुका बांगडा, सुकट, सोडे, आमसुले, मीठ, मिरची, पापड, सांडगे, वाळलेली लाकडे असे सगळे घरात भरून ठेवायचे, हे कुणाला शिकवावे लागले नाही. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची फेस्ते भरतात ती याच बेगमीसाठी. पाऊस चार महिने दार अडवणार हे गृहीत धरून मडकी, डबे आणि माळे भरले जात. मीठ-मिरचीची बेगमी करणाऱ्या घराने रोख पैशाची मात्र कधी फारशी केली नाही, कारण रोख पैशाची गरजच बेताची होती. आज मोबाइलचे रिचार्ज, गाडीचा हप्ता, मुलाची फी, विजेचे बिल हे सगळे रोखीतच मागतात, आणि पावसाळा म्हणून कुणी थांबत नाही.

हंगामाबाहेर पैसे उसने घेण्याची रीतही जुनीच. बीडकडचा ऊसतोड मजूर गळीत सुरू होण्याआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ बनून ती ऊस तोडून फेडतात. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास थांबतो. मधल्या बिनकामाच्या काळात कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि पुढच्या हंगामात नाचून-गाऊन फेडतात. मच्छीमाराला जाळ्यासाठी, डिझेलसाठी व्यापारी आगाऊ रक्कम देतो आणि मासळी आपल्यालाच घालायला लावतो. या तिन्ही व्यवहारांत पिळवणूक आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. उचल अंगावर असली की मजुराला मुकादम बदलता येत नाही, मच्छीमाराला भाव मागता येत नाही. पण त्यांत एक गोष्ट होती: कर्ज देणाऱ्याला घेणाऱ्याचा हंगाम ठाऊक होता. श्रावणात फडमालक हप्ता मागायला येत नसे, कारण श्रावणात हप्ता येणार नाही हे त्याला कळत होते.

क्रेडिट कार्डाला हंगाम कळत नाही. ते बनवले आहे ते दर महिन्याच्या एक तारखेला सारखा पगार घेणाऱ्या माणसासाठी. आता शॅकमध्ये रोजंदारीवर राबणाऱ्या पोऱ्याला कार्ड कुणी देत नाही, हे खरे. पण फ्रंट ऑफिसला बसणारी मुलगी, स्टुअर्ड, कुक, सुपरवायझर यांचा पगार बँकेत जमा होतो. डिसेंबर-जानेवारीत, कमाई ऐन भरात असताना, बँकेचा प्रतिनिधी स्टाफ क्वार्टरपर्यंत येतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या बघतो. त्या चिठ्ठ्या नेमक्या हंगामातल्या असतात, त्यामुळे लिमिट ठरते ते चोवीस हजारांच्या माणसाचे, आणि वापरायची वेळ येते शून्यावर असलेल्या माणसावर.

कार्डाचा दोष त्याच्या व्याजात आहे असे सगळे म्हणतात; माझ्या मते तो त्याच्या बिलावर छापलेल्या एका आकड्यात आहे. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ हा तो आकडा. साठ हजारांच्या बिलाखाली तीन हजार असे काहीतरी लिहिलेले असते. जुलैत हातात पैसे नसलेल्या माणसाला ते वाचून हायसे वाटते. एवढे भरले की उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही, सिबिलवर डाग पडत नाही. यातले काही खोटे नाही. पण व्याज चालूच राहते, आणि त्याची गती किती असते हे आकड्यांतच पाहायला हवे.

बऱ्याच कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज पडते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ६०,००० रुपये थकले असतील तर महिन्याचे व्याज २,१०० आणि त्यावरचा कर ३७८, एकूण २,४७८. आता किमान रक्कम पाच टक्के धरली तर ती येते साधारण ३,१२४. म्हणजे भरलेल्या सव्वातीन हजारांच्या आतल्या रकमेतून मुद्दलाला लागतात साडेसहाशे. जून ते सप्टेंबर चारही महिने असेच किमान भरत गेले आणि कार्डावर नवा एक रुपयाही खर्च केला नाही, तरी खिशातून जातात जवळपास १२,३०० आणि कर्ज कमी होते अडीच हजारांनी. याच गतीने कर्ज निम्म्यावर यायला पाच वर्षांहून जास्त लागतात. पाच पावसाळे! आणि प्रत्येक पावसाळ्यात नवा खर्च त्याच कार्डावर पडणार असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. कार्डावर चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, ही जाहिरात खरी आहे, पण ती आधीचे बिल पूर्ण फेडणाऱ्यापुरती. मागचे काहीही बाकी राहिले की ती सवलत संपते आणि नवी खरेदी त्याच दिवसापासून व्याज खाऊ लागते. म्हणजे जुलैत किमान भरून त्याच कार्डावर किराणा भरला, तर तांदूळ शिजायच्या आधीच त्यावर व्याज सुरू झालेले असते. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर बिनव्याजी दिवस पहिल्यापासूनच नाहीत, वर काढण्याचे शुल्क वेगळे. एका कार्डाची किमान रक्कम दुसऱ्या कार्डातून काढलेल्या रोकडीने भरणारे लोक असतात. तसे करू लागलेल्या माणसाने त्याच दिवशी घरात खरे काय ते सांगून टाकावे.

या व्याजाला कायद्याची कमाल मर्यादा आहे का? होती, काही काळ. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाच्या नव्हे, असे त्याचे तात्पर्य. रिझर्व्ह बँकेने दराला कमाल मर्यादा घातलेली नाही. तिने २०२२ मध्ये घालून दिलेले कार्डविषयक नियम मात्र ग्राहकाच्या कामाचे आहेत. किमान रक्कम अशी ठरवायची, की ती भरूनही कर्ज वाढतच गेले असे होता कामा नये. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. ठरलेल्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय खाते थकलेले म्हणून कळवायचे नाही आणि दंडही लावायचा नाही. बाकी सगळी फेडलेले कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. बिलाच्या चक्राची तारीख बदलून मागण्याची सोयही आहे; पगार दहा तारखेला होणाऱ्या हॉटेलातल्या माणसाचे बिल पाच तारखेला देय असेल तर ती बदलून घ्यावी. एवढ्या बारीक गोष्टीने वर्षाचे दोन-तीन दंड वाचतात.

आता मुख्य प्रश्न. कर्ज झालेलेच आहे, हंगाम संपला आहे, काय करायचे?

पहिला फोन बँकेला, आणि तो पहिला हप्ता चुकण्याच्या आधी. लोक उलट करतात: फोन येईल म्हणून सिम बदलतात. खाते वेळेवर चालू असलेल्या ग्राहकाला थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून देताना बँक फारसे आढेवेढे घेत नाही. नव्वद दिवस थकलेले खाते अनुत्पादक होते, मग बोलणारा माणूसच वेगळा असतो. हप्त्यांचा व्याजदर कार्डाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. तो १६ टक्के धरला आणि वरचे ६०,००० चोवीस महिन्यांत फेडायचे ठरवले, तर हप्ता येतो सुमारे २,९४०, आणि व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला तीन हजारांच्या थोडा वर. किमान रक्कम म्हणून आपण तेवढेच तर भरत होतो! तिकडे पाच वर्षांत कर्ज निम्मे होते, इकडे दोन वर्षांत संपते. कर्ज लवकर फिटावे म्हणून बारा महिन्यांचा पर्याय घ्यावासा वाटतो, पण त्याचा हप्ता साडेपाच हजारांच्या घरात जातो आणि ऑगस्टमध्ये तो चुकतो. हंगामी कमाईच्या माणसाने हप्ता ठरवावा तो ऑगस्टमध्ये झेपेल एवढा, आणि जानेवारीत जमेल तेवढी मुद्दल वेगळी भरावी; वेळेआधी फेडीचे शुल्क आधी विचारून घ्यावे, एवढेच.

दुसरा मार्ग घरातल्या सोन्याचा. आपल्याकडे सोने गहाण टाकणे म्हणजे अब्रू गहाण टाकणे, असे मानतात. चाळीस टक्क्यांचे कर्ज गुपचूप वाहणे मात्र अब्रूदार. हे काही मला पटत नाही. बँकेतल्या सोनेतारणाचा दर साधारण ९ ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी दरमहा हप्ता न भरता मुदतीअखेर एकदम मुद्दल आणि व्याज भरायची सोय असते, आणि हंगामी माणसाच्या प्रकृतीला तीच मानवते. जूनमध्ये ११ टक्क्यांनी ६०,००० उचलून कार्ड मिटवले आणि डिसेंबरात पाटल्या सोडवल्या, तर सहा महिन्यांचे व्याज होते ३,३००. कार्डावर तेवढे दीड महिनाही पुरत नाही. धोका एकच, पण खरा: रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरले, तर सोनेही अडकते आणि कार्डही. म्हणून कार्ड मिटवले त्याच दिवशी लिमिट कमी करून घ्यावे किंवा ते बंदच करावे. खासगी सोनेतारण कंपन्यांचे दर आणि मुदती वेगवेगळ्या असतात. लिलावाची अट वाचल्याशिवाय सही करू नये.

कुणाचे पैसे आधी द्यायचे, हा प्रश्न पावसाळ्यात रोजच असतो. मी क्रम असा लावीन: आधी पोट, औषध, घरभाडे आणि वीज; मग ज्यावर काही गहाण आहे ते, म्हणजे सोने आणि ज्या गाडीने कामाला जायचे ती गाडी; मग मुलांची फी; आणि मग कार्ड. कार्डामागे तारण नसते, ते थकले म्हणून कुणी घरात घुसून वस्तू उचलू शकत नाही. कार्ड थकणे हा स्वतःहून गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. ‘पोलीस येतील’ असे सांगणारा वसुलीवाला धमकी देत असतो, माहिती नव्हे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ पासून स्पष्ट मनाई केली आहे. नातेवाईक, शेजारी किंवा हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून बदनामी करणेही नियमबाह्य आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही; १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

‘अर्धे भरा, मिटवून टाकू’ असा प्रस्ताव मात्र जपून घ्यावा. त्याला सेटलमेंट म्हणतात. पैसे वाचतात, पण तुमच्या पतअहवालात ते खाते ‘बंद’ न दिसता ‘तडजोड केलेले’ दिसते, आणि ती नोंद कित्येक वर्षे राहते. उद्या घरासाठी किंवा टुरिस्ट टॅक्सीसाठी कर्ज मागायचे असेल, तर ती आडवी येते. करायचीच असेल तर बँकेच्या कागदावर लेखी घ्यावी, वसुली एजंटाच्या मोबाइलवर पैसे पाठवू नयेत.

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल, तर आणखी एक दार ठोठावून पाहण्यासारखे आहे. महिना २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू असते. त्या विमाधारकाची नोकरी गेली, तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते, वर्गणीच्या काळाच्या अटी आहेत आणि योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आले आहे. त्यामुळे सध्याची स्थिती ईएसआयच्या शाखेत जाऊनच विचारावी. दर पावसाळ्याला पुरेल अशी ती सोय नाही. पण ज्या वर्षी हंगामाचा ‘ब्रेक’ कायमचा होतो, त्या वर्षासाठी ती राखून ठेवण्यासारखी आहे.

कर्जाचा हा भाग झाला. कमाईचा भाग जास्त अवघड आहे, कारण जूनमध्ये किनाऱ्यावर काम शोधणाऱ्यांची एकदम गर्दी होते. शोध सुरू व्हायला हवा एप्रिलमध्ये, मालकाशी संबंध चांगले असताना आणि पर्यटकांशी रोज बोलणे असताना. दुसऱ्या ठिकाणचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होत असतो. मे ते सप्टेंबर हे लडाखचे आणि उन्हाळाभर मनालीचे दिवस. गोव्याच्या शॅकमध्ये काम करणारे हिमाचली आणि नेपाळी कुक वर्षानुवर्षे अशी ये-जा करत आले आहेत. आपली मुले सहसा तिकडे जात नाहीत, आणि त्याला कारणही आहे: जून-जुलैत घरी लावणी असते आणि भाद्रपदात गणपती. चतुर्थीला घरी नसलेला मालवणी माणूस अजून जन्माला यायचा आहे. मग जवळचे पाहावे लागते. मालवण बंद होते तेव्हा आंबोली सुरू होते. धबधब्याच्या शनिवार-रविवारी तिथल्या हॉटेलांना हात कमी पडतात. गणपतीच्या शाळांत ज्येष्ठ-आषाढापासून माती मळायला, साचे काढायला, रंगकामाला माणसे लागतात, आणि चांगला हात असलेल्याला नाही म्हणत नाहीत. काजूचे कारखाने आणि पेडण्याकडच्या कारखान्यांतली पॅकिंगची कामे पावसावर अवलंबून नाहीत. यातून चोवीस हजार मिळणार नाहीत. पण महिन्याला सात-आठ हजार मिळाले, तरी बाजूला ठेवायची ६४,००० ची रक्कम निम्म्यावर येते.

पुढच्या हंगामाची भरती गणपतीच्या आगेमागे सुरू होते. त्या वेळी अनुभवाचा कागद नीट असावा. दर वर्षी चार महिन्यांचे खिंडार दिसते म्हणून मुले घाबरतात आणि तारखा लपवतात. ते करू नये. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मॅनेजरला ते खिंडार कसले हे माहीत असते. त्यापेक्षा ‘सलग तीन हंगाम, एकाच हॉटेलात’ असे लिहिलेले जास्त बोलते. नोकरी स्वीकारताना पगार सगळेच विचारतात. पावसाळ्यात अर्धा पगार देणार का, रजा साठवून जूनमध्ये वापरता येईल का, सर्व्हिस चार्जची वाटणी कशी, ईएसआय आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून का, हे प्रश्न फार थोडे विचारतात. महिन्याला दोन हजार कमी देणारे पण बारा महिने ठेवणारे हॉटेल वर्षाच्या हिशेबात बहुधा वरचढ ठरते.

जुलै हा फसवणाऱ्यांचाही हंगाम. क्रूझवरच्या नोकरीचे स्वप्न या पट्ट्यात जुने आहे आणि खरेही आहे, कितीतरी घरे बोटीवरच्या पगारावर उभी राहिली. म्हणूनच त्या नावाने पैसे उकळणे सोपे जाते. बोटीवर माणसे पाठवणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून मोबदला घेण्याची तिला परवानगी नाही. आखाती देशांत पाठवणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापुढे जाता कामा नये. कुणी दीड-दोन लाख मागितले, आणि ‘कार्ड असेल तर त्यावर स्वाइप करा, हप्ते पाडून देतो’ असे म्हटले, तर तिथून उठावे.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. याच गावांत, कधीकधी याच घरात, बापाच्या नावावर किसान क्रेडिट कार्ड असते. १९९८ मध्ये आलेल्या या योजनेत फेडीची तारीख पिकाच्या हाताशी येण्यावर ठरते. भात झोडले, काजू विकला की भरायचे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याज सवलतींमुळे ४ टक्के पडते, आणि महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख योजनेमुळे शून्यावर येते. २०१९ पासून हे कार्ड मच्छीमारालाही मिळू लागले, म्हणजे ६१ दिवसांची बंदी बँकेला समजू शकते हे सिद्धच झाले. भाताला हंगाम असतो, बांगड्याला हंगाम असतो. त्याच बांगड्याची थाळी पर्यटकापुढे ठेवणाऱ्या मुलाला मात्र हंगाम नसतो, असे बँकेचे कागद धरून चालतात. ऐंशीच्या दशकात पहिले चार्टर विमान दाबोळीला उतरल्यापासून या किनाऱ्याचे अर्थकारण पर्यटनाच्या तिथींवर चालते आहे, सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे. एवढ्या काळात पर्यटनावर जगणाऱ्या कामगारासाठी जून ते सप्टेंबर हप्ता नसलेले, नोव्हेंबरपासून मोठे हप्ते असलेले साधे कर्ज काढणे काही अवघड नव्हते. गावोगावच्या पतसंस्थांना आणि जिल्हा बँकेला तर आपला सभासद कुठल्या हॉटेलात, कुठल्या महिन्यांत काम करतो हे पत्त्यासकट माहीत असते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेला नफावाटणी आणि चहापान उरकून सभासद उठतात. तिथे हा विषय मांडायला एक अर्ज पुरतो, आणि त्या सभा होतात त्याही बहुधा पावसाळ्यातच, म्हणजे मुले घरी असताना.